नवोदितांच्या मत्स्यपेटीसाठी काटक मासे

गोड्या पाण्याची मत्स्यपेटी प्रथमच पाळणाऱ्या व्यक्तीला सांभाळता येतील, अशा शोभिवंत माशांना सामान्यतः 'काटक मासे' म्हटले जाते. तापमानातील चढउतार, पाण्याच्या गुणधर्मांतील फरक आणि पाळणाऱ्याच्या हातून होणाऱ्या लहानमोठ्या चुका हे मासे इतर जातींच्या तुलनेने अधिक सहन करतात. झेब्रा मासा, गप्पी, प्लॅटी, रोझी बार्ब, ब्लॅक विडो टेट्रा आणि काही गौरामी यांचा समावेश या गटात केला जातो. कोणता मासा काटक ठरेल हे मात्र केवळ त्याच्या जातीवर अवलंबून नसते. त्या गावाचे पाणी, हवामान आणि टाकीचे वय यांवरही ते ठरते. प्रस्तुत लेखात ही निवड प्रामुख्याने पुणे शहराच्या संदर्भात दिली आहे.

महाराष्ट्रात शोभिवंत माशांची सर्वसामान्यांना ओळख होण्यात सार्वजनिक मत्स्यालयांचा वाटा मोठा आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. पुण्यात महापालिकेने जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यानात मत्स्यालय उभारले. घरगुती मत्स्यपेटीचा प्रसार पुढे शहरातील दुकानांमधून झाला, आणि त्याबरोबर वास्तुशास्त्र व फेंगशुई यांच्या नावाने ठरावीक रंगाचे व ठरावीक संख्येचे मासे घेण्याची प्रथाही रूढ झाली. अशा निवडीचा माशांच्या गरजांशी काहीही संबंध नसतो.

काटकपणाचा अर्थ

काटकपणा हा एकच गुण नाही. थंडी सोसणारा मासा उष्णता सोसेलच असे नाही. कमी प्राणवायूत तग धरणारा मासा अमोनियाच्या विषबाधेने मरू शकतो. दुकानात वापरला जाणारा 'काटक' हा शब्द हे भेद झाकून टाकतो.

गोल्डफिश हे याचे ठळक उदाहरण होय. चीनमध्ये हजारहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवलेला हा मासा थंड पाण्यात सहज राहतो. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही तो काही काळ जगतो, कारण अशा स्थितीत शरीरात तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे तो मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या अर्थाने त्याच्याइतका काटक मासा क्वचितच आढळेल. परंतु तो आकाराने मोठा होतो, भरपूर खातो आणि त्याच प्रमाणात मलविसर्जन करतो. काचेच्या गोल भांड्यातील चार-पाच लिटर पाणी तो अल्पावधीत विषारी करतो. गोल भांड्यात अनेक आठवडे तग धरणारा गोल्डफिश तेथे सुखाने राहत असतो, असा समज त्यामुळेच पसरला आहे. योग्य जागा मिळाल्यास हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो; भांड्यातील गोल्डफिश सहसा वर्षही पूर्ण करत नाही.

पुण्याचे पाणी

पुणे महापालिकेचा पाणीपुरवठा मुख्यतः टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणसाखळीतून होतो. सह्याद्रीतील पावसाने भरणाऱ्या या जलाशयांचे पाणी तुलनेने सुफेन असते. याउलट उपनगरांतील अनेक गृहसंकुले विंधनविहिरी व टँकर यांवर अवलंबून असतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असल्यामुळे ते दुष्फेन असते आणि त्याचा सामूही बहुधा जास्त असतो. एकाच शहरातील दोन घरांसाठी माशांची निवड वेगळी का असू शकते, याचे हे पहिले कारण होय. सदाशिव पेठेतील नळाच्या पाण्यात रमणारा मासा वाघोलीतील टँकरच्या पाण्यात रमेलच, असे गृहीत धरता येत नाही. उन्हाळ्यात एखाद्या संकुलात नळाऐवजी टँकर येऊ लागला, तर माशांना एकाच टाकीत राहून जणू गाव बदलावे लागते.

नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी मिसळलेला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. उघड्या बादलीत २४ तास ठेवल्यास साधा क्लोरीन उडून जातो. घाईच्या वेळी सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरतात. दुकानांत ते 'अँटी-क्लोरीन' या नावाने मिळते आणि छायाचित्रणाच्या जुन्या व्यवसायात हाच पदार्थ 'हायपो' म्हणून परिचित होता. घरातील आरओ यंत्राचे पाणी पिण्यास योग्य असले, तरी त्यातील बहुतेक क्षार निघून गेलेले असतात. केवळ तेच पाणी टाकीत भरल्यास सामू अस्थिर होतो. अतिदुष्फेन पाणी सौम्य करण्यासाठी ते काही प्रमाणात मिसळता येते.

हवामान

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान काही वेळा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते, तर एप्रिलमध्ये दुपारी ते ३८ अंशांच्या पुढे जाते. बंद खोलीतील पाणी हवेइतके थंड किंवा उष्ण होत नाही. तरीही हिवाळ्यात हीटर नसलेल्या लहान टाकीचे पाणी २० अंशांखाली जाणे आणि उन्हाळ्यात ३० अंशांवर चढणे असामान्य नाही. मुंबई, कोलकाता किंवा चेन्नई या किनाऱ्यालगतच्या शहरांत हिवाळ्याचा प्रश्न इतका तीव्र नसतो. भारतातील शोभिवंत माशांच्या पैदाशीची व व्यापाराची मोठी केंद्रे कोलकाता आणि चेन्नई परिसरांत आहेत. त्यामुळे तेथील उबदार पाण्यात वाढलेला मासा थंडीत पुण्यात आल्यावर त्याला धक्का बसू शकतो.

उन्हाळ्यात अडचण निराळी असते. पाणी जितके उष्ण, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी कमी असल्याने हा आकडा आणखी घटून ७ च्या आसपास पोहोचतो. दाट माशांच्या टाकीत मे महिन्यातील दुपारी वीज गेली आणि एअर पंप बंद पडला, तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हे दृश्य पाहून त्यांना भूक लागली आहे असे समजून खाद्य टाकले जाते. न खाल्लेले खाद्य कुजताना उरलासुरला प्राणवायूही वापरला जातो.

नव्या टाकीतील मृत्यू

पहिल्याच महिन्यात मासे मरून नवोदितांनी हा छंद सोडून देणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. त्याचे मुख्य कारण बहुतेक वेळा रोग नसून अमोनिया असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरमधील स्पंज, वाळू आणि दगड यांवर वाढलेले जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पाणी स्वच्छ आणि पारदर्शक दिसते, तरी माशांसाठी ते विषारी असू शकते.

अमोनियाची तीव्रता सामूवर अवलंबून असते. २५ अंश तापमानाला व ७ सामूला पाण्यातील एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का भागच विषारी वायुरूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांहून अधिक होतो. म्हणजे तितकेच मासे आणि तितकेच खाद्य असूनही विंधनविहिरीच्या पाण्यातील टाकी सुमारे दहापट धोकादायक ठरू शकते. उपनगरांत नव्या टाकीतील मासे वारंवार मरतात तेव्हा दुकानदाराला किंवा नशिबाला दोष देण्याआधी ही गोष्ट तपासावी लागते.

पूर्वी अशा नव्या टाकीत 'काटक' मासे सोडून त्यांच्या मलातून जिवाणू वाढवण्याची पद्धत होती आणि ती अजूनही पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते. काही मासे त्यातून वाचतात, परंतु त्यांच्या कल्ल्यांना कायमची इजा होऊ शकते. मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणू वाढवणे, किंवा परिचिताच्या निरोगी व जुन्या टाकीतील न धुतलेला स्पंज आपल्या फिल्टरमध्ये ठेवणे, हे दोन्ही मार्ग अधिक चांगले आहेत. दुसऱ्या मार्गाने कालावधी बराच कमी होतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून 'स्वच्छ' धुतल्यास क्लोरीनने हे जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा लागतो.

निवडीस योग्य जाती

पुण्यासारख्या हवामानात झेब्रा माशाचा क्रमांक पहिला लागतो. डॅनिओ रेरिओ या शास्त्रीय नावाची ही जात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये भारतातून वर्णिली. निळसर अंगावर लांब पट्टे असलेला हा चार-पाच सेंटिमीटरचा मासा भारतीय उपखंडातील मोसमी ओढ्यांत, भातखाचरांत व डबक्यांत राहतो. हिवाळ्यातील थंड पाणी आणि उन्हाळ्यातील तापलेले पाणी या दोन्हींशी त्याचा नैसर्गिक अधिवासातच संबंध येतो. हीटर नसलेल्या टाकीत तो पुण्याचा हिवाळा काढतो. प्रयोगशाळांनीही हा मासा स्वीकारला त्यामागे ही सुलभता आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेतही झेब्रा माशावर संशोधन चालते. तो थव्याने राहतो आणि सतत पोहतो. त्यामुळे किमान सहा मासे आणि निदान दोन फूट लांबीची टाकी आवश्यक असते. एकटा किंवा जोडीने ठेवल्यास तो इतर माशांच्या मागे लागतो. टाकीबाहेर उडी मारण्याची त्याला सवय असल्याने झाकण असावे लागते.

गप्पी हा मासा महाराष्ट्रात शोभेपेक्षा आरोग्य विभागामुळे अधिक परिचित आहे. डासांच्या अळ्या खात असल्याने महापालिका व जिल्हा परिषदांचे आरोग्य विभाग साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात. पोईसिलिया रेटिक्युलाटा ही त्याची जात मूळची दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील व लगतच्या बेटांवरील असून, त्रिनिदादमधील रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांच्या नावावरून तिचे लोकप्रचलित नाव पडले. दुष्फेन पाणी तिला मानवते, म्हणून विंधनविहिरीच्या पाण्यासाठी ही सोयीची निवड आहे. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. आरोग्य केंद्रातील करड्या रंगाचा, जवळजवळ रानटी गप्पी आणि दुकानातील मोठ्या रंगीत शेपटीचा गप्पी एकाच जातीचे असले, तरी दुसरा अनेक पिढ्या निवडक पैदाशीतून तयार झालेला असून पहिल्याइतका काटक राहिलेला नाही. मादी थेट पिलांना जन्म देते आणि नराचे शुक्राणू अनेक महिने साठवू शकते. एकटी आणलेली मादीही महिनाभरात पिले देऊ शकते. संख्या वाढू नये म्हणून केवळ नर पाळणे हा सर्वांत साधा उपाय आहे.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे गप्पीचे नातेवाईक असून तेही पिलांना जन्म देतात व दुष्फेन पाण्यात चांगले राहतात. मोली त्यांच्याबरोबरच विकली जाते; खडकवासल्याच्या सुफेन पाण्यात मात्र ती अनेकदा अंग आखडून एकाच जागी हलत राहते आणि रोगाला बळी पडते.

सुफेन नळाच्या पाण्यासाठी रोझी बार्ब उपयुक्त ठरतो. हा उत्तर भारतातील मासा थंडी सोसतो आणि नराचा तांबूस रंग हिवाळ्यातही टिकतो. टायगर बार्ब तितकाच टणक आहे, परंतु लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडण्याच्या सवयीमुळे तो फायटर किंवा एंजलबरोबर ठेवता येत नाही. ब्लॅक विडो टेट्रा शांत व सोशिक आहे. बाजारात गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत मिळणारे 'विडो' काही वेळा सुई टोचून वा रसायनात बुडवून रंगवलेले असतात; हा रंग काही महिन्यांत उतरतो आणि या प्रक्रियेत माशाची रोगप्रतिकारशक्तीही घटते.

गौरामी आणि फायटर यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर नागमोडी पडद्यांचे बनलेले एक पूरक श्वसनेंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने ते पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून प्राणवायू घेतात. उन्हाळ्यात वीज गेली तरी ते गुदमरत नाहीत. निळ्या रंगाचा थ्री-स्पॉट गौरामी यांपैकी सर्वांत काटक असला, तरी तो १०-१२ सेंटिमीटरपर्यंत वाढतो व नर भांडखोर असतात. एका टाकीत एकच ठेवणे बरे. फायटर मूळचा थायलंडमधील उबदार पाण्याचा मासा आहे. हवेतून श्वास घेता येत असल्याने तो लहानशा बरणीत विकला जातो आणि तसाच पाळलाही जातो. परंतु त्याला साधारण २४ ते २८ अंशांचे पाणी लागते. जानेवारीत मेजावरील उघड्या बरणीत तो निश्चल पडून राहतो, खाणे सोडतो आणि हळूहळू मरतो. लहान हीटर असलेल्या २० लिटरच्या टाकीत हाच मासा दोन-तीन वर्षे जगतो.

निऑन टेट्रा, डिस्कस आणि रॅम सिक्लिड या जाती पहिल्या वर्षी टाळाव्यात.

दुकानातील पारख

साधारण ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. लहान टाकी सांभाळणे सोपे, हा समज चुकीचा आहे. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान व रसायन वेगाने बदलते. अशा टाकीत सहा झेब्रा आणि चार-पाच नर प्लॅटी पुरेसे होतात, आणि तेही एकाच दिवशी सोडू नयेत.

दुकानात मासा निवडताना त्याच्याबरोबरच्या माशांकडे पाहणे अधिक उपयोगी असते. एकाच टाकीत एखादा मासा मेलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला किंवा पंख मिटून कोपऱ्यात बसलेला दिसल्यास त्या टाकीतील कोणताच मासा घेऊ नये. नुकताच आलेला माल दुकानात आठवडाभर राहू दिल्यास प्रवासाने खचलेले मासे तेथेच गळतात. पिशवी घरी आणल्यावर टाकीत १५-२० मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवले जाते. विंधनविहिरीचे पाणी असलेल्या घरी त्यानंतर टाकीतील पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळण्यास तासभर तरी द्यावा.

मोठे होणारे मासे

दुकानात बोटाएवढा असलेला 'शार्क' प्रत्यक्षात पंगॅशियस या जातीचा खाद्य मासा असून पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी मीटरहून अधिक होऊ शकते. टाकीच्या काचेवरील शेवाळ खाण्यासाठी घेतला जाणारा सकर मासा ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. दोघेही अतिशय काटक आहेत आणि नेमके तेच अडचणीचे ठरते. ते मरत नाहीत. टाकीत मावेनासे होतात. मग त्यांची पाठवणी नदीत, तलावात किंवा विहिरीत होते. पाळणाऱ्याला ही भूतदया वाटते.

मुळा-मुठेची मत्स्यसंपदा एके काळी अभ्यासकांच्या आकर्षणाचा विषय होती. विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्याने कित्येक जातींना मराठी लोकनामेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. महसीर माशाच्या टोर खुद्री या जातीचे वर्णन पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील माशांवरून झाले आहे. १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची नोंद केली. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत शहराजवळच्या पात्रातून अनेक देशी जाती नाहीशा झाल्याचे आणि परदेशी जाती वाढल्याचे दिसून आले. सांडपाणी आणि बंधारे ही त्याची मोठी कारणे आहेत. परंतु प्राणवायू घटलेल्या नदीत देशी मासा गुदमरतो तेथेच टाकीतून सोडलेला काटक मासा टिकून राहतो. सकर मासा जठराच्या भिंतीतून हवेतील प्राणवायू घेऊ शकतो, काठाच्या मातीत बिळे करतो आणि त्याच्या अंगावरील कठीण काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात. बाजारात त्याला मागणी नसते.

मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडस परिसरात भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी जलाशयात जाते. उजनीत सकर मासा आढळल्याच्या नोंदी आहेत. तेथील मासेमारीत आधीच भारतात १९५२ मध्ये आणलेल्या टिलापियाचे, म्हणजे स्थानिक भाषेतील चिलापीचे, प्राबल्य आहे. डासनिर्मूलनासाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आणलेला गॅम्बुशिया आणि मोझांबिक टिलापिया हे दोन्ही जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या प्रसिद्ध सूचीत आहेत. गप्पीदेखील केवळ बंदिस्त हौद, कारंजी व टाक्यांतच सोडणे योग्य. ओढ्यात सोडलेला गप्पी देशी माशांची अंडी व पिले खातो.

नको झालेला मासा विकत घेतलेल्या दुकानाला किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याला देता येतो. अनेक दुकाने निरोगी मासे मोबदला न देता परत घेतात. मेलेला मासा मातीत पुरावा. तो किंवा टाकीतील पाणी, पाणवनस्पती आणि गोगलगायी नदीत वा ओढ्यात टाकू नयेत, कारण त्यांबरोबर परजीवी व गोगलगायींची अंडीही जातात. टाकीतून बदललेले पाणी कुंडीतील झाडांना घालता येते, आणि त्यातील नायट्रेटमुळे ते त्यांना मानवतेही.